जुन्या गाड्या बघायला नाशिकहून कुठे जावं: अहमदाबाद, कोइमतूर की नगर?

नाशिकला गाड्यांचं वेड नवं नाही. महिंद्रा, बॉशचे कारखाने इथलेच, रॅलीचा धुरळाही आपण खाल्लाय. पण मोटारींचा इतिहास बघायचा तर गाव सोडावंच लागतं.

अहमदाबादजवळ कठवाड्याचं ‘ऑटो वर्ल्ड’ म्हणजे प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह. शंभराहून जास्त गाड्या: रोल्स-रॉइस, हिस्पानो-सुइझा, बेंटली. त्या काळी कंपनी अनेकदा नुसती चेसिस, म्हणजे इंजिन-चाकांसकट गाडीचा सांगाडा द्यायची, बॉडी गिऱ्हाइकानं कारागिराकडून हवी तशी बांधून घ्यायची. म्हणून संस्थानिकांचा थाट बघायचा तर इथेच. रेसिंगचा धागा मात्र आपणच शोधायचा. बेंटलीनं ल मानची २४ तासांची शर्यत १९२४ मध्ये आणि मग १९२७ ते १९३० सलग जिंकली, हे ठाऊक असेल तर त्या लांबलचक बॉनेटकडे बघण्याची नजरच बदलते.

कोइमतूरचं जीडी कार म्युझियम जी. डी. नायडूंच्या नावाचं. या माणसानं १९२० मध्ये पोल्लाची-पळनी मार्गावर एकच बस, तीही स्वतः चालवून, धंदा उभा केला. इथे १८८६ च्या बेंझ मोटारीची प्रतिकृती आहे आणि आपल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या फिटरनं तिच्यापुढे जरा रेंगाळावं. तीन चाकं, एक सिलिंडर, जेमतेम पाऊण हॉर्सपॉवर. स्टिअरिंग व्हील नाही, वळवायला नुसता दांडा. मागे भलंमोठं आडवं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाला जोडलेलं जड चाक. ते हातानं फिरवलं की इंजिन सुरू. पट्ट्यानं मधला शाफ्ट फिरतो, तिथून चेन चाकांना. सगळं उघडं, काही झाकलेलं नाही. माझं मत विचाराल तर इंजिनाची आवड असणाऱ्यानं लांबचा प्रवास सोसून कोइमतूरच गाठावं. रोल्स-रॉइससोबत फोटो काढायचे असतील तर अहमदाबाद बरं.

लहान मुलं सोबत असतील, तर दोन्ही राहू द्या. नगरचं (अहिल्यानगर म्हणा हवं तर) कॅव्हलरी टँक म्युझियम शिर्डी-राहुरीमार्गे एका दिवसात होतं. १९६५ च्या युद्धातला पॅटन रणगाडा मुलांना आवडतोच, पण मोठ्यांनी सिल्व्हर घोस्ट मॉडेलवर चिलखत चढवलेली रोल्स-रॉइस चुकवू नये.

रेसिंगसाठीच निघणार असाल, तर कोइमतूरबाहेर करी मोटर स्पीडवे आहे. शर्यती रोज नसतात. आधी त्यांच्या तारखा बघा, मगच तिकीट काढा.