छापील 300 ला, मग ई-पुस्तक कितीला?

तासगावचे एक निवृत्त शिक्षक. द्राक्षबागेतल्या चाळीस वर्षांच्या आठवणी लिहिल्या, 200 पानं भरली, पदरच्या पैशाने 500 प्रती काढल्या आणि किंमत लावली 300 रुपये. आता ई-पुस्तक काढायचं ठरलं आणि घरात दोन तट पडले. पुण्याचा मुलगा म्हणतो, "बाबा, 49 लावा. त्यात कागद कुठं लागतोय?" सरांचं म्हणणं, "मजकूर तोच, मेहनत तीच, मग किंमत का उतरवायची?" पुस्तकाची जुळणी, म्हणजे छपाईसाठी अक्षरं-पानं मांडायचं काम, मी केलेली, म्हणून भांडण सांगलीच्या खणभागातल्या माझ्या खोलीवर आलं. त्या दिवशी प्रूफाच्या पाठकोऱ्या कागदावर जो हिशोब मांडला, तोच इथे देतोय. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा.

आधी छापील प्रत. कागद, छपाई, बांधणी मिळून प्रतीला 90 रुपये धरू. वितरक आणि दुकानदार मिळून 40 टक्के, म्हणजे 120. हातात उरले 90. लेखकाचं मानधन, जुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठाचा चित्रकार, सगळे याच 90 वर जेवणार. आणि हे 90 सुद्धा विकल्या गेलेल्या प्रतीचे. न विकलेल्या प्रतीचा छपाईखर्च तर आधीच होऊन गेलेला असतो. हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद टाकली तर भाव चढायची वाट तरी बघता यायची, कॉटखालच्या गठ्ठ्यांना भाव चढत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा माझ्या तळमजल्यावर दोन पुस्तकांचे गठ्ठे होते. पाणी ओसरल्यावर त्यांच्या विटा झाल्या होत्या, पान पानाला सोडेना. ई-पुस्तकाची बाजू मला त्या आठवड्यात जेवढी पटली, तेवढी नंतर कुणाच्या भाषणाने पटली नाही.

आता मुलाचा मुद्दा. कागद लागत नाही हे खरं, पण 300 मध्ये कागद-छपाई होती 90 ची. ती वजा केली तर 210 होतात, 49 होत नाहीत. उलट छापील पुस्तकाला नसलेला एक खर्च इथे येतो. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. ई-पुस्तकावर जुलै 2018 पासून छापील आवृत्ती असेल तर 5 टक्के आणि नसेल तर 18. म्हणजे "छापायचं कशाला, नुसतं ई-पुस्तकच काढू" म्हणणाऱ्याने 18 चा आकडा आधी लिहून घ्यावा. सरांना 5 लागू.

त्यानंतर विकणाऱ्याचा वाटा. ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या दुकानात दोन पर्याय असतात, लेखकाला 35 टक्के किंवा 70 टक्के. 70 ऐकून डोळे चमकतात, पण त्याच्या अटी वाचा. भारतातल्या विक्रीवर 70 हवे असतील तर त्यांच्या खास योजनेत नाव घालावं लागतं आणि तेवढ्या मुदतीत ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही. किंमत छापील प्रतीपेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवावी लागते. शिवाय फाइलच्या वजनापोटी दर एमबीला 7 रुपये आधी कापतात. म्हणजे सरांचा "तीच किंमत" हा आग्रह 70 च्या वाटेवर पहिल्याच पायरीला अडतो. 300 च्या पुस्तकाला तिथे 240 च्या वर जाता येत नाही.

तीन किमती मांडून बघितल्या, कर किमतीतच धरून आणि फाइल हलकी समजून. 240 लावले तर 70 टक्क्यांनी 160 हाती येतात. 150 लावले तर 100. आणि 49 लावून 35 च्या वाटेने गेलं तर 16. मधला आकडा बघा. छापील प्रतीमागे 90 उरत होते, इथे निम्म्या किमतीत 100 उरतात. अगदी बरोबरी करायची तर 135 पुरतात.

49 वर मुलाचा युक्तिवाद असा की स्वस्त केलं की खप वाढेल. एका छापील प्रतीएवढे पैसे यायला 49 च्या साडेपाच प्रती खपायला हव्यात. रहस्यकथांची मालिका असेल, पहिला भाग गळाला लावायचा असेल, तर मी स्वतः 49 सुचवेन. तासगावच्या द्राक्षबागेच्या आठवणी घेणार कोण? बाहेरगावी गेलेली इकडची माणसं, शेतीतले जाणकार, सरांचे विद्यार्थी. यातला कुणी 150 बघून मागे फिरणार नाही, आणि ज्याला नको आहे तो 49 लाही घेणार नाही. ई-पुस्तकाची किंमत हवी तेव्हा उतरवता येते, दिवाळीत चार दिवस 49 करा की. पण 49 ची सवय लागल्यावर 150 वर चढवायला गेलात तर लोक महाग केलं म्हणतात.

मग 240 का नाही, 160 मिळत असताना? इथे मी वाचकाच्या बाजूने आहे. छापील पुस्तक विकत घेतलं की ते आपलं. मेहुण्याला वाचायला देतो (परत येत नाही, ती गोष्ट वेगळी), लग्नात भेट देतो, वाचनालयाला देतो, जुन्या बाजारात विकतो. ई-पुस्तकाचे पैसे मोजूनही हातात येतो तो वाचायचा परवाना. जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती, कारण विकणाऱ्याकडे त्यांचे हक्कच नव्हते. पैसे परत केले, पण दुकानदार रात्री घरात येऊन कपाटातलं पुस्तक नेतो असं छापील बाबतीत घडत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये तर विकत घेतलेली फाइल संगणकावर उतरवून ठेवायची सोयही त्यांनी बंद केली. एवढे हक्क कमी होत असतील तर किंमत नुसती कागदापुरती उतरवून भागत नाही, छापीलच्या निम्म्यावर आणावी.

छापीलच्या बाजूने आणखी एक. सरांच्या पुस्तकासारखं 300 ग्रॅमच्या आतलं पुस्तक मे 2025 पासून ज्ञान पोस्टने 20 रुपये अधिक करात देशात कुठेही जातं, फक्त ते त्या सेवेच्या विषयांत बसायला हवं. त्यामुळे देशातल्या देशात "टपाल परवडत नाही म्हणून ई-पुस्तक" हे कारण आता टिकत नाही. परदेशातल्या वाचकासाठी मात्र ई-पुस्तकच.

"निम्मी किंमत" हा माझा अंदाज नव्या पुस्तकापुरता. जुनं, छपाई संपलेलं पुस्तक आणलंत तर गणित बदलतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची जुळणी पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्री-लिपीच्या फॉन्टात झालेली असते. पडद्यावर देवनागरी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरांचे संकेत बसलेले असतात. ते युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या संकेतांत, आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'दुसऱ्या' मधला ऱ्या मोडतो, जोडाक्षरं फाटतात. अख्खं पुस्तक पुन्हा वाचावं लागतं, ओळ न ओळ. हा खर्च शे-दोनशे प्रतींतून काढायचा तर छापीलच्या दोन तृतीयांश किंमतही मला जास्त वाटत नाही. आणि तो वाचवायला कुणी छपाईचीच पीडीएफ ई-पुस्तक म्हणून विकत असेल, तर ती निम्म्याहूनही खाली हवी. मोबाइलवर ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत वाचायचे पैसे कोण देईल?

गोविंद बल्लाळ देवलांसारख्यांची गोष्ट निराळी. हरिपूरचा हा नाटककार 1916 मध्ये गेला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, तेव्हा तिथे किंमत लावायचीच तर ती फक्त शुद्ध प्रत तयार करण्याच्या श्रमाची.

सरांनी शेवटी 150 मान्य केले. मुलगा म्हणाला, "निदान 149 तरी करा." सर म्हणाले, "एक रुपया लपवून कुणाला फसवायचंय?" 150 च राहिली. अडलंय ते वेगळंच. आत बागेचे वीस फोटो आहेत आणि फाइल 6 एमबी झाली आहे, म्हणजे 42 रुपये नुसत्या वजनाचे. सर एकही फोटो काढायला तयार नाहीत, त्यामुळे ते हलके करायचं काम सध्या माझ्याकडे आहे.