झोपल्यावर गाठ आत गेली म्हणजे बरी झाली नव्हे

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण आमच्या घरात जवळजवळ खरी झाली. मी डॉक्टर नाही, सांगलीत औषधांचं दुकान चालवतो, पण सासऱ्यांना लाजायला तेवढंही पुरलं. उजव्या जांघेत गाठ येते हे त्यांनी मला तर नाहीच, सासूबाईंनाही धड सांगितलं नव्हतं. ठग नेमकी अशीच माणसं हेरतात.

मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) तासगाव भागातले द्राक्षबागायतदार. बेदाण्याच्या पट्टीचे पैसे घ्यायला मार्केट यार्डात आले होते. पाय जरा फाकवून चालत होते, तेवढ्यावरून एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन थांबला. "पावणं, जांघेत काय होतंय का? आमच्या वडलांचं अस्संच होतं. ऑपरेशन सांगितलेलं, पण एका वैद्यानं बिनचिराफाडीचं बरं केलं." तो स्वतः काहीच विकत नव्हता, म्हणून मामांचा विश्वास बसला. या धंद्यात पहिला भेटणारा माणूस कधीच काही विकत नाही.

वैद्य एका लॉजच्या खोलीत बसला होता. त्यानं मामांना आडवं झोपवलं, गुडघे वाकवायला लावले, काहीतरी पुटपुटत तेल चोळलं आणि गाठ आत गेली. मामा थक्क!

खरी मेख इथंच आहे. मामांना हर्निया होता, म्हणजे अंतर्गळ. पोटाच्या भिंतीत जिथं कमकुवत जागा असते तिथून आतडं किंवा आतली चरबी बाहेर येते. उभं राहिलं, खोकलं, ओझं उचललं की गाठ फुगते आणि आडवं झालं की बहुतेकदा आपोआप आत जाते. तेल न लावताही ती गेलीच असती. रोगाचं लक्षण त्या माणसानं औषधाचा गुण म्हणून दाखवलं. भिंतीतली फट मात्र तशीच राहते. मोठ्या माणसात ती कुठल्या भस्मानं किंवा लेपानं बुजत नाही आणि पट्ट्यानं गाठ फक्त दाबून धरली जाते. फट बंद करायची तर ऑपरेशनच. त्यात बहुधा जाळी बसवतात, चीर देऊन किंवा दुर्बिणीतून. त्रास नसेल तर काही जणांना डॉक्टर थांबायलाही सांगतात, पण ते तपासून डॉक्टरांनी ठरवायचं.

आता पैशाचं ऐका. वैद्य म्हणाला, "भस्म दोनशे चाळीस." मामांना वाटलं, सगळ्या पुडीचे. खलात कुटून झाल्यावर त्यानं काट्यावर तोललं, तर १६० ग्रॅम! भाव होता ग्रॅमचा. एकूण ३८,४०० रुपये. कुटलेलं परत घेत नाही आणि उपचार अर्धवट सोडले तर गाठ फुटून अंगात विष भिनेल, ही वर धमकी. ऑनलाइन पैसे दिले तर म्हणे औषधाचा गुण जातो, म्हणून रोखच हवेत. पावती तर नाहीच.

सोबत दिलेल्या लेपात बिब्बा असावा. कातडी भाजून फोड आले. फोनवर उत्तर मिळालं, "विकार बाहेर पडतोय."

मग एके दिवशी बागेत क्रेट उचलताना गाठ बाहेर आली ती आत जाईचना. दगडासारखी कडक झाली, ठणकू लागली. रात्री उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, वारा सरेना. वैद्याचा सल्ला काय, तर गरम विटेनं शेका आणि जोर लावून आत ढकला. तेव्हा कुठं सासूबाईंनी माझ्या बायकोला फोन केला. अडकलेल्या हर्नियात आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि ते काही तासांत सडू शकतं. मी एवढंच सांगितलं: ढकलू नका, खायला-प्यायला काही देऊ नका, १०८ ला फोन करा. मिरजेत सरकारी रुग्णालयात रात्रीच ऑपरेशन झालं. आतडं काळंनिळं पडलं होतं. फास मोकळा करून गरम सलाईनच्या कापडात धरल्यावर रंग परतला, म्हणून ते कापावं लागलं नाही.

जांघेतली प्रत्येक दुखरी गाठ हर्निया नसते, हेही सांगायला हवं. काउंटरवर मी अवधाण आलेली माणसं नेहमी बघतो. उसाचं खोडकं पायात घुसतं, नख पिकतं आणि जांघेतली लसिकाग्रंथी सुजते. ती झोपल्यावर जात नाही. जखमेवर नीट उपचार झाले की उतरते, पण त्यासाठी गोळ्या डॉक्टरांनी ठरवाव्यात, मी नाही. लैंगिक आजारांतही तिथं गाठी येतात, तेव्हा जोडीदाराचीही तपासणी लागते. आठवडे लोटले तरी न उतरणारी, कडक, वाढत जाणारी गाठ, सोबत ताप किंवा वजन उतरणं असेल, तर क्षय किंवा कॅन्सर नाही ना हे सुई घालून, तुकडा काढून बघतात. गाठ नाडीसारखी उडत असेल तर ती रक्तवाहिनीची असू शकते, तिला कुणालाही फोडू देऊ नका. बायकांमध्ये जांघेच्या घडीखाली येणारा हर्निया छोटा दिसतो, पण अडकण्याचा धोका त्यात जास्त. त्या वैद्याकडे या सगळ्यांवर एकच भस्म होतं. मुतखड्यावरही तेच.

हर्निया आणि हायड्रोसिल (अंडकोषात पाणी साठणं) बरा करतो असा दावा औषधावर करता येत नाही. १९४५ च्या ड्रग्ज नियमांच्या शेड्यूल 'जे' मध्ये दोन्ही नावं आहेत. नोंदणी नसताना वैद्यकी करणं १९६१ च्या राज्य कायद्यानं गुन्हा आहे. आम्ही पोलिसांत गेलो तोवर लॉजची खोली रिकामी आणि फोन बंद. हवालदारांनी पहिल्यांदा पुडी मागितली. ती सासूबाईंनी रागानं उकिरड्यावर फेकली होती. तुमच्या घरात असं काही घडलं तर उरलेलं औषध, डबी, फोन नंबर, पैसे काढल्याची बँकेची नोंद, सगळं जपून ठेवा आणि पोलिसांबरोबर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातही लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.