बारा तालुक्यांचा तक्ता कशात ठेवाल? डेटा फ्रेम, टिबल, डेटा टेबल आणि पांडाज

पेडण्यापासून काणकोणपर्यंत गोव्याचे बारा तालुके एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या भरा. अकरा ओळी भरतात, धारबांदोड्याचं घर रिकामं राहतं. त्या जनगणनेच्या यादीत अकराच तालुके आहेत. संख्याशास्त्राचा प्रकल्प घेऊन येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्यांदा हाच तक्ता करायला लावतो. आर शिकू की पायथन (या संगणकाच्या दोन भाषा), आणि आरमध्ये तरी तक्त्याचे इतके प्रकार कशाला, हा त्यांचा प्रश्न या एका रिकाम्या घरापाशी बराचसा सुटतो. नवशिक्यानं वेग बघू नये. आपण चुकलो की तक्ता बोलतो का गप्प बसतो, ते बघावं.

मॅट्रिक्स हा आरमधला सगळ्यात साधा तक्ता आधीच बाजूला ठेवू. त्यात सगळी घरं एकाच जातीची लागतात. आकड्यांशेजारी तालुक्याचं नाव टाकलं की आकडेही मजकूर होऊन बसतात, आणि मग क्रम लावताना ९ येतो १०० च्या नंतर. निव्वळ आकडेमोडीला मॅट्रिक्स चांगलं, पण नावं, तारखा आणि आकडे एकत्र असलेल्या माहितीला नाही.

डेटा फ्रेम म्हणजे सारख्या लांबीचे उभे रकाने शेजारी शेजारी बांधलेले. एका रकान्यात एकच जात, पण रकान्यागणिक जात वेगळी चालते. एवढं मनात पक्कं बसलं की पुढचे सगळे प्रकार ओळखीचे वाटतात. आर ज्या एस भाषेच्या वळणावर घडली, तिथूनच हा प्रकार आला आहे. वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि कुठलंही जुनं पाठ्यपुस्तक उघडलं तरी तो भेटतो.

पण तो फार सोशिक आहे, आणि शिकणाऱ्याला तेच नडतं. बारा ओळींच्या तक्त्यात नवा रकाना जोडताना चुकून सहाच आकडे दिलेत, तर तो तेच सहा पुन्हा खाली उतरवतो आणि चकार शब्द काढत नाही. पेडण्याचा आकडा सातव्या तालुक्यासमोर जाऊन बसतो! रकाना मागताना डॉलर चिन्हापुढे ‘लोकसंख्या’ऐवजी नुसतं ‘लोक’ लिहिलंत तरी जुळणारा रकाना तो स्वतःच शोधून देतो. चौकटी कंसात स्वल्पविरामापुढे एकाच रकान्याचं नाव दिलं, तर तक्त्याऐवजी सुटी यादी हातात येते. आणखी एक गोष्ट जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांसाठी: २०२० मध्ये आर ४.०.० येईपर्यंत मजकुराचे रकाने आपोआप फॅक्टर, म्हणजे ठरावीक गटांचे रकाने, व्हायचे. त्याआधीच्या पुस्तकातलं उत्तर तुमच्या पडद्यावर वेगळं दिसलं, तर दोष तुमचा नसेल.

टिबल हा डेटा फ्रेमचाच भाऊ, जरा कडक शिस्तीचा. सहा आकडे दिलेत की तो अडवतो. ‘लोक’ नावाचा रकाना नाही, असा इशारा देतो. एक रकाना मागितला तरी तक्ताच देतो. मला सगळ्यात मोलाची वाटते ती याची छपाई: प्रत्येक रकान्याच्या नावाखाली त्याची जात लिहिलेली असते, आणि तक्ता मोठा असेल तर पहिल्या १० ओळीच दिसतात. लोकसंख्येचा रकाना मजकूर झालाय, हे पहिल्या नजरेतच कळतं. त्यासाठी एक पॅकेज, म्हणजे आरला जोडायचा वाढीव संच, बसवावं लागतं, एवढाच त्रास.

आरमधलाच डेटा टेबल लाखो ओळींवर फार वेगानं चालतो. मात्र त्यात कोलन-बरोबर (:=) या चिन्हानं केलेला बदल मूळ तक्त्यातच होतो. ‘जुना’ तक्ता ‘नवा’ या नावानं ठेवला आणि नव्यात बदल केला, तर जुनाही बदलतो. वेगळी प्रत मुद्दाम काढावी लागते. पहिल्या सहा महिन्यांत याच्या वाटेला जाऊ नका.

पायथनमधला पांडाज हा संचही डेटा फ्रेमच देतो, पण मोजणी शून्यापासून सुरू होते आणि प्रत्येक ओळीला इंडेक्स, म्हणजे ओळीची ओळखखूण, चिकटलेला असतो. साधी सहा आकड्यांची यादी दिली तर तो चूक दाखवतो; तीच सिरीज म्हणून, म्हणजे इंडेक्ससकट एकेरी रकाना म्हणून, दिली तर इंडेक्स जुळवून सहा घरं भरतो आणि बाकीची मुकाट्यानं रिकामी सोडतो. धारबांदोड्याचं घर रिकामं असल्यामुळे लोकसंख्येचा अख्खा रकाना दशांशात जातो. आणि सरासरी काढलीत की अकराच तालुक्यांची येते, एक गळल्याचं कुणी सांगत नाही. आरमध्ये त्याच जागी उत्तर येतं ‘एनए’, म्हणजे ‘माहिती नाही’. रिकामी घरं वगळायची का, हे तुम्हाला स्वतः लिहून सांगावं लागतं, आणि शिकताना हा अडथळा मला हवासा वाटतो.

म्हणून मुख्य काम संख्याशास्त्राचं असेल तर माझा कौल टिबलला. एक दिवस साध्या डेटा फ्रेमवर घालवा, वर सांगितलेल्या चुका मुद्दाम करून पाहा, आणि मग टिबलवर या. मशीन लर्निंगकडे जायचं असेल किंवा वर्गात पायथनच चालत असेल, तर पांडाज घ्या; फक्त प्रत्येक रकान्यात किती घरं रिकामी आहेत ते आधी मोजत चला.

एक ठेच मात्र दोन्हीकडे सारखीच लागते. बारा तालुक्यांची यादी आणि जनगणनेचा तक्ता जोडताना आरची मूळ मर्ज ही जोडणीची आज्ञा आणि पांडाजची मर्ज, दोन्ही आपणहून न जुळणारी ओळ टाकून देतात. धारबांदोडा गायब होतो, तरी बेरीज गोव्याची पूर्ण १४,५८,५४५ भरते, त्यामुळे ताळा बरोबर दिसतो. बेरजेवर विसंबू नका, ओळी मोजा. आरच्या डीप्लायर या पॅकेजमधला लेफ्ट जॉइन (पहिल्या तक्त्याच्या सगळ्या ओळी राखणारी जोडणी) वापरलात तर बाराही ओळी राहतात. जोडण्याआधी अँटी जॉइन चालवून काय जुळत नाही ते पाहा. बार्देशच्या इंग्रजी स्पेलिंगचा शेवट एका फायलीत झेडनं आणि दुसरीत एसनं झालेला असेल, तर तेही तिथंच सापडेल.