392 हेमी सांगून 426 गळ्यात मारलं, गॅसर बनवणाऱ्यांनी वाचा

मंडळी, जुन्या ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांची 1/25 किट्स करणारे आपल्यात आता बरेच झालेत, पुण्या-मुंबईचे काहीजण इथून अमेरिकेतून माझ्यामार्फत पार्ट्स मागवतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. या किट्ससाठी रेझिनची (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची) छोटी इंजिनं विकणाऱ्या एका माणसाने मला सरळसरळ गंडवलंय आणि त्याचा धंदा अजून जोरात चालू आहे.

मी करतोय 1941 ची विलीज कूपे, 1961 च्या सीझनमध्ये पळाली असती तशी गॅसर, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीवरून बनवलेली, पेट्रोलवर पळणारी ड्रॅग रेसची गाडी. विलीज म्हणजे तीच, जिची जीप पुढे महिंद्राने आपल्याकडे आणली. या कूपेत मुळात जीपच्याच घराण्यातलं 134 क्युबिक इंचाचं चार सिलिंडरचं इंजिन असायचं, पण गाडी आखूड आणि हलकी, त्यामुळे रेसिंगवाल्यांनी ते उपटून मोठमोठे व्ही-8 कोंबायला सुरुवात केली. कोणी ओल्ड्समोबाइल, कोणी शेवरोले, कोणी क्रायस्लर हेमी (अर्धगोल कंबशन चेंबरचं इंजिन). स्टोन, वुड्स आणि कुक यांच्या फेमस विलीजमध्येसुद्धा आधी ओल्ड्स होतं, हेमी नंतर आलं. मला माझ्या गाडीत 392 क्युबिक इंचाचं हेमी हवं होतं, वर 6-71 ब्लोअर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) आणि हिलबॉर्नचं फ्युएल इंजेक्शन. (6-71 हा मूळचा जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनावरचा ब्लोअर, सहा सिलिंडर आणि प्रत्येकी 71 क्युबिक इंच म्हणून ते नाव. ट्रक-बसमधली वस्तू उचलून या लोकांनी रेसच्या इंजिनावर चढवली, मला या काळाचं वेड लागलं ते अशाच गोष्टींमुळे.)

आता मुद्दा. क्रायस्लरच्या हेमीच्या दोन वेगळ्या पिढ्या आहेत. पहिली 1951 ला 331 पासून सुरू झाली, मग 354, आणि शेवटी 1957-58 चं 392. दुसरी पिढी म्हणजे 426, ते रेसमध्ये उतरलं 1964 ला, त्याच वर्षी फेब्रुवारीत रिचर्ड पेटी ते घेऊन डेटोना 500 जिंकला. म्हणजे 1961 च्या गाडीत 426 असूच शकत नाही, तेव्हा ते इंजिन जन्मालाच आलं नव्हतं.

या विक्रेत्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं, 392 हेमी, पन्नास-साठच्या गॅसरसाठी एकदम करेक्ट, स्वतः बनवलेला मास्टर (ज्यावरून साचा काढतात तो मूळ नमुना). फोटो अप्रतिम होते, पुढून, मागून, वरून, आणि ते खरंच 392 चेच होते. किंमत 45 डॉलर, म्हणजे चांगल्या अख्ख्या किटपेक्षा जास्त, पण स्वतः मास्टर घडवणाऱ्याची मेहनत असते, ती रक्कम द्यायला माझी कधीच ना नसते. मी मेसेज करून विचारलंही की हे अर्ली हेमीच ना, त्याचं उत्तर आलं हो शंभर टक्के.

पार्सल उघडलं आणि पहिली नजर गेली ती डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) भोकाकडे. 392 ला ते ब्लॉकच्या मागच्या टोकाला असतं, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बाजूला. 426 ला पुढे, उजव्या अंगाला, तिरकं. माझ्या हातातल्या तुकड्याला भोक पुढे होतं, आणि मागे नुसता सपाट रेझिन. दोन्ही हेमींना स्पार्क प्लग वाल्व्ह कव्हरमधून आत जातात, त्यामुळे नवीन माणूस वरून बघून फसतो, पण हे भोक कधी खोटं बोलत नाही.

नंतर भिंगाखाली धरलं तेव्हा तर डोकंच फिरलं. ऑइल पॅनच्या बरोबर मधून एक बारीक जोडाची रेघ गेलीय, कारण किटमधलं प्लास्टिकचं इंजिन डावं-उजवं दोन भागांत येतं आणि आपण ते चिकटवतो. आणि ब्लॉकच्या मागे एक छोटं गोल वर्तुळ, म्हणजे इजेक्टर पिनची खूण! प्लास्टिकचा पार्ट साच्यातून ढकलून काढताना पडते ती. हाताने घडवलेल्या मास्टरला ही खूण येईल कुठून? याने कुठल्यातरी किटमधलं 426 घेतलं, जोडलं, त्याचा सिलिकॉनचा साचा काढला आणि 392 म्हणून विकलं. कॉपी करताना तुकडा किंचित आकसलाय, किटचा गिअरबॉक्स त्याला लावला तर कडेने फट दिसते. वाल्व्ह कव्हरवर हवेचे बुडबुडे आहेत ते वेगळेच.

त्याला फोटो पाठवले तर म्हणतो, रेसर लोक मॅग्नेटो (डिस्ट्रिब्युटरच्या जागी बसणारा, ठिणगीची वीज स्वतःच तयार करणारा भाग) पुढे लावायचे, तुम्हाला माहीत नसेल. मला हे उत्तर सगळ्यात जास्त लागलं, कारण अर्धं खरं आहे. जुन्या हेमीवर काहीजण मॅग्नेटो पुढे घ्यायचे, पण तो टायमिंग कव्हरवर आडवा, कॅमशाफ्टच्या रेषेत बसायचा, 426 सारखा बाजूला तिरका उभा नाही. आणि मूळ भोक मागे राहायचंच, त्यावर झाकण मारायचे. हे सगळं लिहून पाठवलं तेव्हा भाषा एकदम बदलली, सॉरी सर, पॅकिंगमध्ये चुकून दुसरा तुकडा आला, नवीन पाठवतो.

आणि इथे खरी लबाडी आहे, नीट वाचा. नवीन तुकडा कधी आलाच नाही. आधी साचा फाटला, मग रेझिन दमट हवेमुळे सेट होत नाहीये, मग घरात आजारपण, दर वेळी उत्तर गोड आणि लगेच, आणि प्रत्येक मेसेजमध्ये एकच विनंती की तक्रार टाकू नका, अकाउंटला त्रास होतो. पैसे परत मागायची मुदत संपली आणि त्याची उत्तरं बंद झाली. तोपर्यंत पठ्ठ्या किती गोड बोलत होता!

नाशिकच्या एका मित्राच्या बाबतीतही हाच खेळ झाला. त्याने पार्सल इथल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवलं होतं, नातेवाईक सुट्टीत भारतात घरी गेले तेव्हा डबा उघडला, तोपर्यंत सगळ्या मुदती उलटून गेलेल्या. भारतात माल जाणार हे कळलं की या माणसाला बरंच वाटत असणार, परत पाठवायचा खर्च इंजिनापेक्षा जास्त. त्यामुळे कोणाकडे पार्सल येत असेल तर त्यांनाच लगेच उघडून मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगा, आणि तुकडा चुकीचा निघाला तर त्याच दिवशी तक्रार टाका, बदली येणार असेल तर तक्रार चालू असतानाही येते.

घ्यायच्या आधी विक्रेत्याकडे त्याच तुकड्याचा ताजा फोटो मागा, मागून आणि खालून, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. स्वतः बनवणारा माणूस असा फोटो हौसेने पाठवतो, वर दोन गोष्टी जास्तीच्या सांगतो. मी आता दुसऱ्या एकाकडून 392 घेतलंय, त्याने न मागता मागच्या भोकात मॅग्नेटो बसवून फोटो पाठवला, आणि बजावलं की फायरवॉल थोडी कापावी लागेल, नाहीतर मॅग्नेटो घासेल.