अ‍ॅट्राझिन 50 टक्के पावडर : मक्याला मानवलं, काकडीला बाधलं

मुरबाडजवळ आमचं 20 गुंठ्यांचं खाचर आहे. भातकापणीनंतर, नोव्हेंबरात त्यात स्वीट कॉर्न लावला. बेणणीला माणसं मिळेनात, म्हणून पेरणीच्या दुसऱ्या दिवशी ओलीवर अ‍ॅट्राझिन हे तणनाशक मारलं. आज आठ महिने झाले, म्हणून लिहितोय.

तणावर काम चोख. घोळ, माठ जवळजवळ उगवलेच नाहीत. लव्हाळा आणि हराळी मात्र तशीच, ती हातानेच काढावी लागली. मक्याचं एक पान पिवळं पडलं नाही, कारण मका हे औषध स्वतःच्या अंगात निकामी करतो. त्यासाठी जीएम (जनुकं बदललेलं) बियाणं लागत नाही, आणि तसा मका आपल्याकडे मंजूरही नाही. कोणी देऊ केलं तरी घेऊ नका. कणसं वाशी मार्केटला गेली.

मग फेब्रुवारीत त्याच जागी काकडी टोकली. उगवण छान झाली. चार पानांवर आली तशी खालच्या पानांची कड पिवळी पडू लागली, मग तपकिरी आणि कुरकुरीत. शिरा तेवढ्या हिरव्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय, पाणी वाढवलं. तरी रोपं मरत गेली, आणि तीही सरळ पट्ट्यांत! जिथे फवाऱ्यावर फवारा पडला होता आणि बांधाशी वळताना मी रेंगाळलो होतो, नेमकं तिथेच.

लेबलवर हेक्टरी 1 ते 2 किलो, म्हणजे 20 गुंठ्यांना 200 ते 400 ग्रॅम. दुकानदार म्हणाला, "अर्धा किलोचा पुडा आहे, सगळा टाका, उरवून काय करणार?" आणि मी टाकला. त्यात थंडी आणि सुकी जमीन. ओल-ऊब नसली की जमिनीतले जिवाणू हे औषध लवकर मोडत नाहीत.

जमिनीत औषध उरलंय का ते बघायला एप्रिलमध्ये एका डब्यात खाचरातली माती, दुसऱ्यात बांधावरची घेऊन दोन्हीत मूग पेरले. तीन आठवड्यांत खाचराच्या डब्यातले कडेने पिवळे पडले. जूनचे पाऊस चांगले झाल्यावर नवी माती घेऊन पुन्हा पेरले, तेव्हा दोन्ही डबे सारखेच हिरवे. मगच भात लावला.

यंदा तराजूवर मोजून 200 ग्रॅमच घेणार, सपाट पट्टीसारखा फवारा देणारं फ्लॅट फॅन नोजल लावणार, आणि आधी नुसतं पाणी मारून पंप किती जागेला पुरतो ते बघणार. मक्यामागे तिथे ज्वारीचा चारा, तिला हे औषध सोसतं. काकडी विहिरीकडच्या तुकड्यात, जिथे कधीच फवारलं नाही.