जहाजावर बंदूकधारी की समुद्रात नौदल?

धाकटा भाऊ जहाजावरून सोमालियाजवळच्या एडनच्या आखातातून जायचा तेव्हा समुद्री चाच्यांच्या भीतीने माझगावच्या घरी आई फोन उशाशी घेऊन झोपायची. रेलिंगला काटेरी तारा, डेकवर चार बंदूकधारी रक्षक, असं तो सांगायचा. रक्षक दिसले की चाचे बहुतेकदा माघारी फिरतात, हे खरंच. पण खर्च मोठा, छोट्या मालकाला झेपत नाही. आणि चूक झाली तर? २०१२ साली केरळजवळ एका इटालियन जहाजावरच्या नौसैनिकांनी चाचे समजून गोळीबार केला. दोन मच्छीमार जिवानिशी गेले.

नौदलाची गस्त मोठ्या-छोट्या सगळ्याच जहाजांसाठी असते. समुद्र अफाट, मदत पोहोचायला वेळ लागतो. तरी माझा कौल गस्तीलाच, पण पकडलेल्यांवर खटला चालणार असेल तरच. कित्येक देशांच्या नौदलांनी चाचे पकडून तसेच सोडून दिलेत. मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाच्या आयएनएस कोलकाता या युद्धनौकेने मात्र चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ जहाजाच्या सुटकेनंतर ३५ सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. १७ खलाशी सुखरूप सुटले. आपल्याकडे २०२२ चा चाचेगिरीविरोधी कायदा आहे. तसा कायदा आणि तुरुंगात जागा, दोन्हीची तयारी इतर देशांनीही आता ठेवायला हवी.