पानगळीतला ट्राउट: तरंगता डो, लेडकोअर दोरी आणि विजेची मोटर, पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

आधी संच काय होता ते सांगतो, म्हणजे पुढचं कोणाला किती लागू पडेल याचा अंदाज येईल. चौदा फुटी, सपाट बुडाची अ‍ॅल्युमिनियमची होडी. तिला १२ व्होल्टची, ५५ पौंड जोराची विजेची मोटर आणि १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी. दोन नांगर, २०० किलोहर्ट्झचा साधा फिशफाइंडर (ध्वनिलहरींनी पाण्यातले मासे दाखवणारं यंत्र), ४ पौंडी, म्हणजे तेवढा ताण पेलणाऱ्या दोरीचा हलका स्पिनिंग रॉड आणि लेडकोअर (आत शिसं असलेली, बुडणारी दोरी) भरलेला एक ट्रोलिंग रॉड, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढण्याचा. आमिषात तरंगता डो (गळावर गोळा करून लावायचं मऊ, वासाचं, कणकेसारखं आमिष), गांडुळं, सामनची अंडी आणि पातळ पत्र्याचे छोटे स्पून. मासा म्हणजे हॅचरीत वाढवून तळ्यात सोडलेला रेनबो ट्राउट, बहुतेक २५ ते ३० सेंटिमीटरचा. वरचं पाणी १८ अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्यापासून ते ६ अंशांपर्यंत हा संच सतत वापरात होता.

यातली सगळ्यात उपयोगी वस्तू वरच्या यादीत नाहीच: १५ मीटर वायरच्या टोकाला बसवलेला थर्मामीटरचा प्रोब. वायरवर दर मीटरला रंगीत टेप गुंडाळायची, टोकाला थोडं शिसं लावायचं आणि प्रत्येक खुणेवर आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. साधा काचेचा थर्मामीटर दोरीला बांधून सोडला तर वर ओढताना पारा बदलतो आणि आकडा फसवतो. रेनबोला १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. ते पाणी किती खोलीवर आहे हे कळलं की आमिष कोणतं हा प्रश्न दुय्यम होतो. ट्राउट न लागण्याचं कारण बहुतेक वेळा आमिष चुकीच्या पातळीवर असणं हेच असतं, आणि डब्यातले रंग बदलत बसल्याने पातळी बदलत नाही.

पानगळीच्या सुरुवातीला तळ्यात थर असतात. वर कोमट पाणी, खाली थंड, आणि मधल्या दोन-तीन मीटरच्या पट्ट्यात तापमान झपाट्याने घसरतं. मासा या पट्ट्याच्या आसपास राहतो. फार खाली जात नाही, कारण उन्हाळाभर तळाशी कुजणाऱ्या गाळाने तिथला प्राणवायू खाल्लेला असतो. मग वरचं पाणी गार होऊन खालच्याइतकंच जड होतं आणि एखाद्या वादळी वाऱ्यात सगळं तळं ढवळून निघतं. पाणी मळकट होतं, कुजलेल्या पानांचे तुकडे वर येतात, कधी सडक्या अंड्यांचा वास येतो. हे दिवस मासेमारीला वाईट. ते ओसरले की वरपासून खालपर्यंत तापमान आणि प्राणवायू जवळजवळ सारखा होतो आणि ट्राउट अगदी एक ते तीन मीटरवर, काठालगत फिरू लागतो. थोडक्यात, हंगामाचे दोन भाग पडतात आणि अर्धा संच एका भागात चालतो, अर्धा दुसऱ्यात.

आता डो. हॅचरीतला मासा गोळीखाद्यावर वाढलेला असतो, म्हणून सोडल्यावरचे पहिले काही दिवस तो सोडल्याच्या जागेजवळ, बहुधा होड्या उतरवण्याच्या धक्क्यापाशीच, थव्याने घिरट्या घालतो आणि वासाच्या मऊ गोळ्याला सहज तोंड लावतो. काही आठवड्यांनी तो किडे आणि बारीक मासळी ओळखू लागतो, तसा डोचा जोर कमी होतो. हा फरक आमच्या वापरात स्पष्ट दिसला. धक्क्याजवळ डो, आणि जुन्या झालेल्या माशांसाठी गांडूळ किंवा स्पून.

मांडणी अशी. मुख्य दोरीत ७ ग्रॅमचं अंडाकृती, आरपार भोकाचं शिसं ओवायचं, मग एक प्लास्टिकचा मणी, मग स्विव्हल (फिरती कडी). मण्याने शिसं गाठीवर आपटत नाही. स्विव्हलपुढे ४ पौंडी लीडर (गळाकडची शेवटची दोरी) आणि टोकाला १६ नंबरचा, बारीक तारेचा तीनतोंडी गळ. डोचा गोळा साधारण वाटाण्याएवढा, तिन्ही टोकं झाकतील असा, दोरीकडे निमुळता. जाड तारेचा किंवा मोठा गळ घेतला तर त्याच्या वजनाने गोळा तळाला बसतो आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून प्रत्येक गोळा टाकण्याआधी होडीच्या कडेला पाण्यात सोडून बघावा. गळासकट हळूहळू वर आला पाहिजे. नाही आला तर थोडा डो वाढवायचा. फ्लुरोकार्बन नायलॉनपेक्षा बरंच जड असतं, त्यामुळे लांब लीडरला नायलॉन जास्त बरं पडतं.

लीडरची लांबी म्हणजेच आमिषाची तळापासूनची उंची. तळ स्वच्छ असेल तर ४५ सेंटिमीटर पुरतात. शेवाळ, पाणगवत असेल तर ७५ ते ९०. त्याहून लांब लीडर फेकताना गुंततो. शिसं वर ओढल्यावर त्याला हिरवे धागे लागून आले, तर लीडर आखूड आहे असं समजावं.

डोच्या तक्रारी दोन. पाणी १० अंशांखाली गेलं की तो कडक होतो, फेकताना तडकून गळून पडतो. डबी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली की काम भागतं. दुसरी, पाण्यात अर्ध्या तासात त्याचा वास धुऊन जातो, मग तो नुसता रंगीत गोळा उरतो. वीस-तीस मिनिटांनी बदलावाच लागतो. रंगावरून माणसं तासन्‌तास वाद घालतात. मळकट पाण्यात पिवळा किंवा नारिंगी थोडा बरा, बाकी फरक नगण्य.

आणि एक कडक मत: मासा परत सोडायचा असेल तर डो वापरूच नये. ट्राउट तो गिळतो, गळ घशात जातो, आणि उपसून काढला तर मासा बहुधा मरतोच. गिळलाच असेल तर दोरी तोंडापाशी कापावी. काही तळ्यांत आमिषावर तीनतोंडी गळ, जिवंत आमिष किंवा चारा टाकून मासे जमवणं यांवर बंदी असते, कुठे फक्त कृत्रिम आमिष चालतं. परवान्यासोबतचे नियम आधी वाचावेत.

डो वापरायचा तर होडी जागची हलता कामा नये, आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं. एका नांगरावर होडी वाऱ्याने डावी-उजवीकडे झोके घेते, दोरी ताणली जाते, शिसं फरफटतं आणि गोळा गवतात ओढला जातो. वर माशाचा झटका कोणता आणि होडीचा कोणता तेही कळत नाही. उपाय दोन नांगरांचा. निवडलेल्या जागेच्या पुढे, वारा येतो त्या बाजूला जाऊन नाळेकडचा (होडीच्या पुढच्या टोकाचा) नांगर टाकायचा, दोरी सोडत वाऱ्यासोबत मागे यायचं, जागा ओलांडून वरामेकडचा (मागच्या टोकाचा) दुसरा नांगर टाकायचा आणि मग पुढची दोरी ओढून होडी मधोमध ताणून बांधायची. नाळ वाऱ्याकडे. दोरी पाण्याच्या खोलीच्या पाचपट, म्हणजे ४ मीटर पाण्यात २० मीटर. नांगरापुढे दीड-दोन मीटर साखळी असेल तर तो आडवा राहून गाळात रुततो. फक्त वरामेकडून नांगर कधीही टाकू नये. वारा वाढला की लाटा थेट आत येतात. साखळी अ‍ॅल्युमिनियमवर घासली की उथळ पाण्यातला थवा पांगतो, म्हणून होडीत जुना गालिचा अंथरला. तेवढ्याने खरोखर फरक पडला.

गांडूळ दोन प्रकारे वापरलं. नांगरलेल्या होडीतून अर्धं गांडूळ गळावर, सिरिंजने शेपटाकडे थोडी हवा भरून, म्हणजे ते तळापासून वर उठतं. सुई भरताना गांडूळ फळीवर ठेवावं, बोटावर धरून टोचू नये. दुसरा प्रकार, चालत्या होडीमागे डॉजरच्या, म्हणजे माशाचं लक्ष वेधणाऱ्या चमकत्या पत्र्याच्या पाठी ४० ते ५० सेंटिमीटर लीडरवर. यात वेग ताशी १.३ ते १.९ किलोमीटर. डॉजर डावी-उजवीकडे डोलला पाहिजे. गरगर फिरू लागला तर वेग जास्त आहे, आणि काही मिनिटांत दोरीला पीळ पडतो. गळापुढे गांडुळाचं शेपूट २-३ सेंटिमीटरपेक्षा जास्त लोंबू द्यायचं नाही, नाहीतर मासा शेपूट कुरतडून जातो. उरलेली गांडुळं काठावर ओतू नयेत. परक्या जातींची गांडुळं जंगलातला पालापाचोळा फस्त करून माती बिघडवतात.

सामनची अंडी होडीवरून फारशी कामाची नाहीत. फेकताना सुटतात. ओढा तळ्याला मिळतो तिथे, उभं राहून टाकायला ठीक.

लेडकोअर म्हणजे विणलेल्या वेष्टणात शिशाची तार असलेली दोरी. दर १० यार्डांना, म्हणजे ९.१ मीटरला, तिचा रंग बदलतो. ताशी अडीच किलोमीटरच्या आसपास एक रंग साधारण दीड मीटर खाली जातो, म्हणजे तीन रंग सोडले की साडेचार मीटर, पाच सोडले की साडेसात. वेग वाढवला की दोरी वर उठते. पुढे ६ ते १० मीटर पातळ लीडर आणि ३-४ सेंटिमीटरचा, २-३ ग्रॅमचा स्पून. थर्मामीटरने पट्टा ७ मीटरवर दाखवला की पाच रंग सोडायचे, इतकं सरळ गणित. थरांच्या काळात या संचातलं सगळ्यात भरवशाचं साधन हेच.

तिची खोडी वळणावर दिसते. होडीच्या दोन्ही बाजूंना दोरी सोडलेली असेल तर होडी वळली की आतल्या बाजूची दोरी मंदावते, खाली बसते आणि तळातल्या ओंडक्यात अडकते. बाहेरची वेग घेते आणि वर येते. म्हणून वळण मोठं घ्यावं. मात्र हाच दोष कामालाही येतो. मुद्दाम नागमोडी चालावं, आणि मासा आतल्या दोरीला लागला तर पुढच्या फेरीत वेग कमी करावा, बाहेरच्या दोरीला लागला तर वाढवावा. स्पूनला ताशी २ ते ३.२ किलोमीटर चालतो. जीपीएसचा वेग जमिनीच्या हिशेबात असतो, पाण्याच्या नाही. वाऱ्याने वरचं पाणी सरकत असेल तर येताना आणि जाताना एकाच आकड्यावर स्पून वेगळा नाचतो. स्पून होडीच्या कडेला सोडून डोळ्यांनी बघणं जास्त खात्रीचं.

मासा लागला की रॉड होल्डरमध्येच टोक डुलू लागतं. झटका मारायचा नाही. ट्राउटचं तोंड मऊ असतं आणि होडीच्या चालीनेच गळ रुतलेला असतो. होडी हळू चालती ठेवून गुंडाळावं. रीलचा ड्रॅग (दोरी किती ओढीला सुटेल ते ठरवणारा रोध) ४ पौंडी दोरीला ४५० ते ६०० ग्रॅमवर लावावा, काट्याने मोजून.

तळं ढवळून निघालं की लेडकोअर घरी ठेवावी. मग साध्या दोरीवर ५ सेंटिमीटरचं तरंगतं माशासारखं आमिष, होडीमागे ३५ ते ४५ मीटर. वरच्या पाण्यातला मासा होडीच्या वाटेतून बाजूला सरतो, म्हणून दोरी जवळ ठेवली तर काहीच हाती येत नाही. बाजूला फाकवणारा प्लॅनर लावला तर आणखी बरं.

याच काळात फिशफाइंडर दिशाभूल करतो. त्याच्या लहरी खाली शंकूसारख्या पसरतात, आणि २० अंशांच्या शंकूचा व्यास खोलीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. ३ मीटर पाण्यात तो एक मीटर रुंदीचं पाणी बघतो, आणि तिथला मासा होडी येण्याआधीच सरकलेला असतो. पडदा कोरा दिसला म्हणून जागा सोडली की थवा मागेच राहतो. त्यापेक्षा सकाळी शांत पाण्यावर उठणारी वर्तुळं बघावीत.

मोटरबद्दल: पूर्ण जोरात ती ५० अँपिअरच्या आसपास खाते, म्हणजे दोन तासांत बॅटरी संपते. ट्रोलिंगच्या वेगाला १० ते १५ अँपिअर, म्हणजे सहा-सात तास सहज. समोरून वारा असेल तर हा हिशेब कोसळतो, म्हणून जाताना वाऱ्याविरुद्ध जावं आणि परतीला वारा पाठीशी ठेवावा. शिसे-आम्लाची बॅटरी असेल तर निम्मीच क्षमता धरावी. लिथियम शून्य अंशांखाली चार्ज करू नये, थंडीत घरात आणून, खोलीच्या तापमानाला आल्यावरच लावावी. पंख्यामागे दोरीचे तुकडे गुंडाळले जातात, सील कापतात आणि मोटरमध्ये पाणी शिरतं. दर वेळी नट काढून शाफ्ट पुसावा. सुटी पिन आणि पाना होडीतच असावा. बॅटरीजवळ ६० अँपिअरचा ब्रेकर हवाच. लाइफ जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नको. १५ अंशांखालच्या पाण्यात पडल्याबरोबर श्वास आवरत नाही, मग पोहता येण्याचा फारसा उपयोग होत नाही.

संच पुन्हा जमवायचा झाला तर प्रोब, दुसरा नांगर आणि लेडकोअर आधी घेऊ. फिशफाइंडर शेवटी, किंवा नाहीच. लेडकोअर जिथे एकदा मुडपली तिथे आतली शिशाची तार तुटलेली असते, बोट फिरवलं की गाठीसारखी लागते. तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडावा आणि रंगांची मोजणी नव्याने करावी.